आजीची तेर्स आणि लॅटिन मिस्सा

आमच्या वसईत मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना, मराठीतून होते, याचा मला आनंदच आहे. तरीही पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये जुन्या लॅटिन मिस्सेला दिलेली मोकळीक पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२१ मध्ये आवळली, तेव्हा मन खट्टू झाले.

माझ्या आजीला लॅटिनचा एक शब्द कळत नसे. फादर वेदीकडे तोंड करून प्रार्थना म्हणत आणि ती डोक्यावर पदर घेऊन तेर्सचे, म्हणजे जपमाळेचे, मणी ओढत बसे. मात्र पवित्र भाकर उंचावताना घंटा वाजली की मणी जागीच थांबत. भाकर आणि द्राक्षारस यांचे ख्रिस्ताच्या देहरक्तात खरोखर रूपांतर होते, ही कॅथलिक चर्चच्या त्रेंत धर्मपरिषदेने १५५१ मध्ये ठामपणे मांडलेली शिकवण तिने वाचली नव्हती, पण तिच्या गुडघ्यांना ती ठाऊक होती. १९६० च्या दशकात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने ती शिकवण बदललेली नाही. उलट, तिच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लोकभाषांना वाव देतानाच लॅटिन जपावी, असेही म्हटले आहे, जे सोयीस्करपणे विसरले जाते.

आता प्रत्येक शब्द कळतो. परवा मात्र नेमकी ती घंटा वाजत असताना माझ्या पुढच्या बाकावरचे दोघे मोबाईल उंच धरून चित्रीकरण करत होते.