दोष कार्बोरेटरचा नव्हताच!

बाबांच्या पद्मिनी गाडीने आज अख्खा रविवार खाल्ला. नौपाड्यात लोण्यासारखी चालते, पण गायमुखचा चढ लागला की आचके देत बंद. पाच मिनिटं थांबा, पुन्हा सुरू. मागे हॉर्नचा जो काही आरतीसोहळा झाला म्हणता!

अर्थात मी आधी कार्बोरेटरच (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) खोलला. जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, हवेने साफ केले (तार घालायची नाही, भोक मोठं होतं, हे बाबांचं ठरलेलं वाक्य). आतली पेट्रोलची पातळी राखणारे फ्लोट आणि नीडल ठीक, पण फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल अर्ध्यावर. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) तेवढं पुरतं; चढावर इंजिन पितं जास्त आणि मागून येतं कमी.

मग बाबा खाली आले. चहा हातातच. म्हणाले, "कॉइलची वायर काढ, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, पंपाकडून येणारा पाइप बाटलीत सोड आणि सेल्फ मार." मारला. पेट्रोल आलं, पण सोड्यासारखे बुडबुडे घेऊन!

म्हणजे पंप टाकीतून पेट्रोल ओढताना हवाही ओढत होता. टाकीकडचा रबरी पाइप क्लिपपाशी तडकलेला. ती बाजू ओढीची, म्हणून बाहेर थेंबही नाही, आणि मी आठवडाभर गळती शोधतोय. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला जुनं रबर तसंही टिकत नाही. इथेनॉल चालणारा नवा पाइप टाकला, नवी क्लिप लावली.

संध्याकाळी गायमुख थेट तिसऱ्या गिअरमध्ये. बाबा शेजारी, काच खाली, चकार शब्द नाही. आईने मात्र तीनदा हात धुवूनही पानावर बसू दिलेलं नाही.