खिटी आहे, गाडी बघायचीय

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बायको म्हणाली मिक्सरचा पाय हलतोय, जरा स्क्रू आवळ. म्हणून माळ्यावरचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात स्क्रू-ड्रायव्हर सोडून बाकी सगळं असतं. वाकडे खिळे, ट्यूबलाइटचे दोन स्टार्टर, कुठल्या कुलपाची ते देव जाणे अशी किल्ली, आणि अगदी तळाशी ती क्रोमची खिटी. आमच्या जुन्या गाडीच्या, प्रीमियर पद्मिनीच्या, पुढच्या दाराला तिकोनी काच असायची ना, वारा आत घ्यायला उलटी वळवायची, तिची.

मिक्सर तसाच राहिला आणि मी गाडी बांधायला घेतली. मनात म्हणजे. ही माझी जुनी खोड आहे, लाइट बिलांच्या मागे आत्तापर्यंत चार-पाच पद्मिन्या बांधून झाल्यात. मला ती रविवारी सकाळी पुसून ठाण्याच्या तलावपाळीला मिरवायची गाडी नकोय, तसल्या गाडीला हात लावला तरी मालकाचा चेहरा बघवत नाही. मला नौपाड्यातून महापेला ऑफिसला रोज जायला हवीय, जुलैत, विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलेलं असताना, आणि येताना मागच्या सीटवर भाजीची पिशवी लवंडून कोथिंबीर पसरलेली.

म्हणजे पहिलं काम पंख्याचं. पद्मिनीचा रेडिएटरचा पंखा बेल्टवर फिरतो, इंजिन जोरात तर पंखा जोरात, आणि कळवा नाक्याला अर्धा तास सरकत राहिलं की इंजिन मंद, पंखाही मंद, पाणी उकळलंच. तिथे इलेक्ट्रिक पंखा बसवायचा, तापमानाच्या स्विचवर. डायनामो असेल तर काढून अल्टरनेटर, कारण सिग्नलला उभ्या गाडीत डायनामो बॅटरी भरतच नाही आणि पावसात वायपर, हेडलाइट, पंखा सगळं एकदम लागतं. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पुढे डिस्क ब्रेक, चारही चाकांना ड्रम आणि समोर मनात येईल तिथे वळणारी रिक्षा, हे काही जमायचं नाही. मागचे स्प्रिंगचे पाटे नवे. सीटबेल्ट. एसीपाशी मी दरवेळी अडकतो. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद जेमतेम चाळीस घोडे, त्यातले थोडे एसीला दिले तर चढावर मी आणि कोथिंबीर दोघांनी उतरून ढकलायचं का? ठीके, चढ आला की एसी बंद, काच उघडी.

मित्र म्हणतात इंजिनच बदल ना सरळ, मारुतीचं टाक. आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल करायचा नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या ५२ कलमात आहे, मी सांगतो त्यांना. शिवाय जुनी गाडी म्हणजे दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणी वाढवा, पर्यावरण कर भरा. पण खरं सांगायचं तर कायदा हे नुसतं निमित्त आहे. मला गिअर स्टिअरिंगलाच हवा, पुढचा सीट सलग हवा, आणि केलेलं काहीही बाहेरून दिसता कामा नये. इतका खर्च करून कुणाला कळणार नाही त्याचा उपयोग काय, असं बायको विचारते. मला उत्तर येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा वाटलं आता तरी स्वस्तात मिळेल एखादी, तर कसलं काय, लोक आठवणींचेही पैसे लावायला लागले.

ही खिटी १९९२ च्या मे महिन्यातली. नाशिकला आत्याकडे निघालो होतो आणि कसाऱ्याच्या घाटात गाडी तापली. बाबांनी बॉनेट उघडलं, आई दगडावर बसून आम्हाला काकडी कापून देत होती, बाबा रेडिएटरच्या झाकणावर फडकं टाकून ते गार व्हायची वाट बघत होते, आणि मी नऊ वर्षांचा, कंटाळलेला, पुढच्या सीटवर बसून खिटी वर-खाली वर-खाली. ती हातात आली. मी खिशात टाकली. पुढे नाशिकपर्यंत ती काच वाऱ्याने धाडधाड आपटत होती, आई म्हणाली ही कशी मोडली हो, तर बाबा म्हणाले, काल मीच जरा जोरात ओढली असेल. मग पार्लेच्या पुड्याचा कागद घडी करून त्यांनी फटीत खोचला. १९९९ ला गाडी विकली तेव्हाही तिथे कुठल्यातरी पुड्याची घडी होतीच. मी काही बोललो नाही. सांगायचं तर होतं, पण दरवेळी काहीतरी निघायचं, दहावी, नोकरी, लग्न.

तर खिटी आहेच, बाकीची गाडी तेवढी बघायचीय.

बाबा हॉलमध्ये पेपर वाचत होते. मी जाऊन खिटी त्यांच्या हातावर ठेवली, म्हटलं बघा ओळखता का. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोनदा उलटीसुलटी केली, अंगठ्याने पुसली.

"बाथरूमच्या खिडकीची दिसतेय," म्हणाले. "टाकू नकोस हो. लागेल कधीतरी."

म्हटलं, बरं.