वाढे फाट्याचं आवार, दहा खिडक्या आणि दादाचा दुसरा सूर

जुने भोंगे, म्हणजे सायरन, दुरुस्त करायचा मला नाद आहे. मागच्या वेळी लिहिलं होतं की हातभोंग्याचा गिअर जुळला, मूठ हलकी फिरते, पण मोठ्या भोंग्याचं काम स्टेटरवाचून अडलंय. स्टेटर म्हणजे बाहेरचं, खिडक्या पाडलेलं स्थिर कडं. त्याच्या आत रोटर फिरतो, खिडक्या उघडतात-मिटतात आणि हवा झटक्याझटक्यानं बाहेर पडते, तोच आवाज. त्याच्या एका बाजूचा स्टेटर गंजानं फुगलाय आणि रोटर त्याला घासतो. दुसरा कुठं मिळतो का ते बघायला रविवारी साताऱ्याजवळच्या वाढे फाट्याच्या पुढं, हायवेपासून आत असलेल्या एका भंगारच्या आवारात गेलो. तिथं काढून टाकलेले भोंगे एका जागी ठेवलेत असं टेम्पोवाल्यानं सांगितलं होतं.

आवाराचे मालक साठीच्या पुढचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हटलं. "भोंगं हायत की, पर मागच्या अंगाला. गवतात जनावर असतंय, काठी घिऊन जावा." काठी घेतली, पायात बूट होतेच.

मागं पत्र्याच्या भिंतीला लागून अकरा नग होते. तीन छोटे, पत्र्याचे, कार्बन ब्रशच्या मोटारीवर चालणारे. ते सोडून दिले. पाच उभ्या बैठकीचे, वर छत्रीसारखी टोपी असलेले, बहुतेक कारखान्यांच्या शिफ्टचे. एक साखर कारखान्याचा वाफेचा भोंगा होता, पितळी. तो आपल्या अर्थानं सायरन नव्हे, ती वाफेवरची शिट्टी. पण ऊसपट्ट्यात भोंगा म्हटलं की म्हाताऱ्या माणसांना हाच आठवतो. हंगाम चालू असला की शिवारातलं घड्याळ तोच. पितळ असल्यामुळे त्याचा सौदा आधीच झाला होता. हात लावून घेतला, फोटो काढले, बाकी इलाज नव्हता.

आणि शेवटी, लिंबाच्या सावलीत, दोन आडवे. मधे मोटार, शाफ्ट दोन्हीकडून बाहेर आलेला, दोन्ही टोकांना एकेक रोटर. आपण ज्याला डबल म्हणतो तो प्रकार. त्यातला एक कुठून आला असं विचारलं, तर चाचा म्हणाले, "साताऱ्यातनंच. किल्ल्याकडच्या पेठंत जुनी बिल्डिंग पाडली न्हवं का, तिच्या गच्चीवरचा."

मी खाली बसलो. हा भोंगा मी लहानपणी रोज ऐकलेला आहे.

आता घरातला एक वाद सांगायला हवा, कारण या वेळच्या नोंदीचा खरा विषय तोच आहे. मी आणि दादा दोघंही या भोंग्याच्या आवाजात वाढलो. सकाळी साडेआठला, दुपारी बाराला, शिवाय ३० जानेवारीला हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं शांतता पाळायची म्हणून १०.५९ ते ११ आणि पुन्हा ११.०२ ते ११.०३. दादा म्हणायचा, या भोंग्याला दोन सूर आहेत. मी म्हणायचो, एकच. दादा भजनी मंडळात पेटी वाजवतो, त्याचा कान साधा नाही. त्यामुळे मी वरवर एक म्हणत असलो तरी आतून कधीच खात्री नव्हती. पंचवीस वर्षं हे चाललंय. लग्नाकार्यात भेटलो तरी विषय निघतो.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे की दोन सुरांचे भोंगे असतातच. ब्रिटिशांच्या युद्धकाळातल्या भोंग्यांचा तो घोगरा दुहेरी आवाज त्यामुळेच आहे: एका रोटरला १० खिडक्या, दुसऱ्याला १२. शाफ्ट एकच असल्यानं वेग सारखा, म्हणून सुरांचं प्रमाण १२ ला १०, म्हणजे सहाला पाच. पेटीवर सा आणि कोमल ग धरा, तोच. दादाचं म्हणणं खरं असेल तर या भोंग्याच्या दोन टोकांच्या खिडक्या वेगवेगळ्या निघायला हव्यात. मोजल्या की संपलं.

मोजणं मात्र वाटतं तितकं सरळ नव्हतं. पहिल्यांदा दहा आल्या, दुसऱ्यांदा अकरा. एक खिडकी गंजाच्या पापुद्र्यानं जवळजवळ मिटलेली होती आणि कुठून सुरुवात केली ते गोल वस्तूवर लक्षात राहत नाही. मग एका खिडकीला चिंधी बांधली आणि बाकीच्यांवर खडूनं आकडे लिहीत गेलो. दहा. रोटर काढल्याशिवाय आतली बाजू दिसत नव्हती, म्हणून जाळीतून बॅटरी मारून रोटरची तोंडंही मोजली. दहा. त्यात दोन ठिकाणी कुंभारीण माशीनं मातीची घरं बांधली होती, बोटाएवढी, एकाला एक लागून, तोंडं लिंपून बंद केलेली. भाजल्यासारखी टणक झाली होती. रोटरवर एका बाजूला एवढी माती असेल तर तोल जातो आणि पूर्ण वेगात बेअरिंगची वाट लागते, म्हणून जुना भोंगा मिळाला की आधी हेच बघा.

मग दुसरं टोक. चिंधी सोडून इकडं बांधली, पुन्हा खडू. सात, आठ, नऊ, दहा. आणि पुढं चिंधी.

दोन्हीकडं दहा. शाफ्ट एक, खिडक्या सारख्या, म्हणजे सूर एकच. यंत्रातून दुसरा सूर निघायला जागाच नाही.

प्लेटही वाचायचा प्रयत्न केला. तारेचा ब्रश लावू नका, उरलंसुरलं अक्षर जातं. खडूची पूड बोटानं हलकेच चोळायची आणि बॅटरी बाजूनं, प्लेटला जवळजवळ टेकवून धरायची. खोदलेली अक्षरं सावलीनं उठून दिसतात. तीन फेज, ३ एचपी एवढं लागलं. वेगाचा आकडा, म्हणजे मिनिटाला फेरे, २८ पासून सुरू होतो, तिसरा अंक गेलाय, शेवटी शून्य. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर दोन पोलची मोटार ३००० च्या थोडी खालीच फिरते, त्यामुळे ते बरोबर बसतं. २८०० धरला तर दहा खिडक्यांचे सेकंदाला ४६७ झटके, २८८० धरला तर ४८०. फरक अर्ध्या सुराहूनही कमी. तेव्हा या भोंग्याचा सूर ४७० ते ४८० च्या आसपास होता हे आता लेखी सांगता येतं.

हा हिशेब मला फार आवडतो, कारण सायरनचा जन्मच या हिशेबासाठी झाला. १८१९ साली फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर यांनी भोकं पाडलेली तबकडी हवेच्या झोतात फिरवली, ती कुणाला सावध करायला नव्हे. सूर म्हणजे सेकंदाला नेमके किती झटके, ते मोजायला. हे उपकरण पाण्याखालीही वाजायचं, म्हणून त्याला ग्रीक कथांतल्या जलकन्यांचं नाव मिळालं. गच्चीवर चढून गाव हलवायचं काम त्याच्याकडं नंतर आलं. लिंबाखाली खडू घेऊन मी जे करत होतो ते त्याचं मूळचंच काम.

तिथूनच दादाला फोन लावला. दोन्हीकडं दहा आहेत म्हटलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू मोजलंस ते बरोबरच असणार. पण मी ऐकलंय ते पण खोटं नाही रे. दोन सूर होते."

मला त्याचा आवाज ऐकून वाईट वाटलं. वाद जिंकल्याचं काही वाटलं नाही. मी विचारलं, दादा, नीट आठवून सांग, कधी ऐकू यायचे दोन? पूर्ण वाजायला लागल्यावर, का सुरू होताना?

"पूर्ण वाजताना नाही. तेव्हा भरल्यासारखा एकच. बंद केल्यावर. वरचा सा धरून राहायचा आणि त्याच्या खाली एक घसरत जायचा. एका जागी तर नेमका प लागायचा. मी अंगणात उभा राहून त्या प ची वाट बघायचो."

मंडळी, हे ऐकलं आणि मी मान वर केली. आवारातून किल्ला दिसतो. अजिंक्यतारा.

आमचं जुनं घर आणि ती गच्ची दोन्ही किल्ल्याच्या पायथ्याकडं. उताराची उघडी बाजू तिथून साधारण अर्धा किलोमीटर. आवाज जाऊन परत येणार म्हणजे एक किलोमीटर, सेकंदाला ३४० मीटरनं जवळपास तीन सेकंद. भोंगा एका वेगात वाजत असताना तीन सेकंदांपूर्वीचा सूर आणि आत्ताचा सूर एकच, त्यामुळे प्रतिध्वनी त्यात मिसळून जातो, आवाज फक्त भरल्यासारखा वाटतो. बटण बंद केलं की भोंगा खाली उतरायला लागतो, पण किल्ला अजून तीन सेकंदांपूर्वीचाच, म्हणजे पूर्ण वेगाचा सूर परत देत असतो. वरचा सा किल्ल्याचा. खाली घसरणारा भोंग्याचा.

आणि प? सुरुवातीची घसरण जोरात असते, कारण वेग जास्त असताना हवा कापायला ताकद फार लागते आणि तीच रोटरला थोपवते. घरी येऊन माझ्याकडच्या चालू भोंग्यावर फोननं मोजलं: ४८० वरून तीन सेकंद व्हायच्या आत ३६० च्या खाली गेला. ४८० आणि ३६० म्हणजे चाराला तीन. वरचा सा आणि त्याच्या खालचा प. त्या क्षणी किल्ला अजून ४८० वर होता. दादा अंगणात उभा राहून ज्याची वाट बघायचा तो हाच.

मला एकच ऐकू यायचा तो का, याचंही उत्तर बहुधा यातच आहे. मी भोंगा शाळेतून ऐकायचो, राजपथाच्या खालच्या अंगाला, मधे इमारती. किल्ल्याकडून येणारा हलका आवाज तिथवर पोचत नसावा.

दादाला संध्याकाळी घरी जाऊन सगळं कागदावर काढून दाखवलं. त्यानं पेटी काढली, वरचा सा दाबून धरला आणि खालून एकेक पट्टी उतरत प वर आला. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. तीही त्याच पेठेतली. म्हणाली, "हां, असंच."

आता स्टेटरचं. त्या भोंग्याचा स्टेटर माझ्या अडलेल्या भोंग्याला बसतो. व्यास मोजला, बोल्टांची भोकंसुद्धा जुळतात. चाचांना मोटारीतलं तांबं हवं होतं, सांगाडा मला सुटा द्यायला ते तयार होते. तासभर आधी मी लगेच हो म्हटलं असतं. पण तो भोंगा फोडणं मला जमलं नाही. अख्खा उचलला, काट्यावर ८३ किलो भरला, तांब्याचा भाव धरून पैसे दिले. चाचांनी विचारलं, "गावाला उठिवणार हाय का काय?" मग त्यांनीच सांगितलं, ७ मे २०२५ ला देशभर मॉक ड्रिल झालं, तेव्हा त्या आठवड्यात त्यांना तीन ठिकाणांहून फोन आले होते, चालू भोंगा आहे का म्हणून. त्यांच्याकडं एकही चालू नव्हता.

हे मनात राहिलंय. आपल्या भागात भोंगा अजून कामाचा आहे. कोयनेतून पाणी सोडायच्या आधी नदीकाठाला तो ऐकावा लागतो. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाईल बंद होतात, पोरं अभ्यासाला बसतात. भोंगा काढायला हरकत नाही, पण काढायच्या आधी कुणीतरी वर चढून खिडक्या मोजाव्यात, प्लेटचा फोटो घ्यावा आणि एकदा सुरुवातीपासून पूर्ण थांबेपर्यंत आवाज रेकॉर्ड करावा. थांबेपर्यंत हे महत्त्वाचं. बहुतेक रेकॉर्डिंग बटण बंद झालं की तोडलेली असतात.

कामाची स्थिती अशी. मातीची घरं लाकडी पट्टीनं काढली, रोटर हातानं मोकळा फिरतो. दोन्ही बेअरिंग ६२०५, दोन्ही वाजतायत, नवी मागवली. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) मोटारीचं वाइंडिंग पहिल्या दिवशी ०.२ मेगओम दाखवत होतं, म्हणजे ओल. मोटार उघडून आत १०० वॉटचा बल्ब लावून वर गोणपाट टाकलं, दोन दिवसांनी ६ वर आलं. तरीही बेअरिंग बसेपर्यंत वीज देणार नाही, आणि आवारात सापडलेल्या भोंग्याला तिथल्या तिथं वीज द्यायचा मोह कुणीही करू नका.

मोठा भोंगा शहरात वाजवण्याचा प्रश्नच नाही, लोक घाबरतील. पण हातभोंगा आहे. त्याच्या मुठीचा एक फेरा म्हणजे रोटरचे ३२, खिडक्या दहा. मिनिटाला ७५ फेऱ्यांनी फिरवला की ४०० चा सूर लागतो. परवानगीसाठी अर्ज दिलाय. मिळाली की सकाळच्या वेळी जुन्या अंगणाच्या जागेवर उभं राहून फिरवायचा, मूठ सोडून द्यायची आणि किल्ला काय परत देतो ते ऐकायचं. दादा पेटी घेऊन येणार आहे.

दरम्यान, दहा खिडक्यांचा, डबल बैठकीचा स्टेटर कुणाकडं सुटा पडून असेल तर कळवा. माझा शोध अजून चालूच आहे.