डगआउटमधले स्टॉपवॉच

आमचा धाकटा मुलगा पेनसिल्व्हेनियातील एका लहान कॉलेजच्या बेसबॉल संघात आहे आणि गेल्या हंगामात त्याने मैदानापेक्षा डगआउटच, म्हणजे मैदानाकडेची राखीव खेळाडूंची बसायची जागाच, अधिक पाहिली. त्याचे कॉलेज डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे अमेरिकी कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या श्रेणीत; तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, नियमित सामने जास्तीत जास्त 40, आणि त्याच्या संघात मुले तिसाहून अधिक. उतरणार मात्र नऊ आणि पिचरऐवजी (पिचर म्हणजे चेंडू टाकणारा) फलंदाजी करणारा दहावा. त्यातच हायस्कूलमध्ये बाहेर काढलेल्या मूळ खेळाडूला एकदा परत आणता येते, तसे कॉलेजमध्ये चालत नाही, त्यामुळे जम बसलेल्या मुलाला बदलायला प्रशिक्षक सहसा धजावत नाहीत. हे सारे मला कळत होते, तरी दोन तास गाडी चालवून गेल्यावर मुलगा बाकावरच दिसला की पोटात कालवत असे.

मार्चमध्ये मी प्रशिक्षकांना एक लांबलचक ईमेल लिहिला. पाठवण्यापूर्वी तो मुलाला वाचून दाखवला, हे नशीब. "बाबा, हे पाठवलंस तर मी टीम सोडेन," एवढेच तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच त्यांना भेटायला गेला. मला का खेळवत नाही, असे त्याने विचारले नाही. काय जमले तर खेळवाल, असे विचारले. उत्तर कडू होते: बाहेर वळणारा स्लायडर हा चेंडू तुला ओळखता येत नाही, म्हणून फलंदाजीला सध्या उतरवणार नाही, पळण्यात मात्र तुझ्या तोडीचे इथे कोणी नाही.

तेव्हापासून त्याच्या हातात स्टॉपवॉच आले. धाव पुरी करायला एकेक बेस, म्हणजे थांबा, गाठत जावे लागते; पहिल्या बेसपासून दुसरा 90 फुटांवर. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे बसलेल्या खेळाडूच्या, हातमोज्यात पडेपर्यंत साधारण 1.3 सेकंद जातात आणि कॅचरची फेक दुसऱ्या बेसवर पोहोचायला आणखी 2. म्हणजे बेस चोरणाऱ्याला, पिचर चेंडू टाकत असतानाच धावून पुढचा बेस गाठणाऱ्याला, जेमतेम 3.3 सेकंद मिळतात. पिचर 1.3 ऐवजी 1.5 सेकंद लावत असेल तर संधी आहे. प्रत्येक प्रतिस्पर्धी पिचरचे आकडे तो वहीत लिहू लागला. एकदा गाडीत ती वही मी उघडली, तर पानांत सूर्यफुलाच्या बियांची टरफले अडकलेली आणि एका नावापुढे शिसपेन्सिलीने लिहिलेले: "पहिल्या बेसकडे दोनदा बघतो, तिसऱ्यांदा कधीच नाही." मी स्वतः कॉलेजच्या क्रिकेट संघात दोन वर्षे पाण्याच्या बाटल्या नेल्या, पण असली वही ठेवण्याची अक्कल मला सुचली नव्हती.

म्हणून तो बाकावर सुखात होता असे नाही, आणि राखीव खेळाडूने हसतमुख राहावे हा उपदेश मला खोटाच वाटतो. शनिवारी लागोपाठ दोन सामने होऊन एकदाही नाव पुकारले गेले नाही, की रात्रीचा फोन "हो", "नाही" यांतच संपत असे.

एप्रिलच्या अखेरीस, संघ एका धावेने मागे असताना, आठव्या इनिंगमध्ये आमचा जडदेही कॅचर पहिल्या बेसवर पोहोचला आणि त्याच्या जागी धावायला मुलाला पाठवले. दुसऱ्याच चेंडूवर त्याने बेस चोरला. पुढचे दोघे बाद झाले, तो दुसऱ्या बेसवरच राहिला, आणि नवव्या इनिंगमध्ये त्याच्या जागी राखीव कॅचर आला. सामना हरलो. रात्री आईला फोन केला तेव्हा त्याने निकाल सांगितलाच नाही; पिचरला 1.52 लागत होते, हे मात्र दोनदा सांगितले.