एक टक्का कर्ज, पण कशाच्या?

"विमा कंपनीवर दीर्घ मुदतीचं कर्ज एकूण मालमत्तेच्या एक टक्काच आहे. म्हणजे भक्कमच ना?"

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. एका विमा कंपनीच्या अकाउंट्स विभागात मी एकतीस वर्षं काढली, हे ओळखीच्यांना ठाऊक आहे. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बाकावर, कुठेही कुणीतरी हे विचारतंच. गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. कुठलाही शेअर घेण्याआधी कर्जाला मालमत्तेने भागून बघायचं, असा त्याचा नेम आहे. "मावशी, सिमेंटच्या कंपनीत हाच आकडा वीस टक्के दिसला तरी मी घेतो. इथे तर फक्त एक आहे. घेऊन टाकू?"

त्याला म्हटलं, थांब, आधी भिशीचं ऐक.

आमच्या जुन्या वाड्यात एक काकू भिशी चालवायच्या. महिन्याच्या पाच तारखेला त्यांच्या कपाटात तीसएक घरांचे पैसे जमायचे. समजा, त्या काकूंनी कुणाकडून हजार रुपये उसने घेतले असते. हे उसने जास्त की कमी, हे ठरवताना आपण कपाटातली रक्कम मोजली असती का? कपाट त्यांचं होतं, पैसे वाड्याचे होते. काकूंची ऐपत बघायची तर त्यांच्या स्वतःच्या शिलकीकडे बघायला हवं.

विमा कंपनीच्या ताळेबंदातली मालमत्ता बहुतांशी अशीच दुसऱ्यांची असते. सिमेंट कंपनीने स्वतःच्या आणि बँकेच्या पैशांतून भट्टी उभारलेली असते, म्हणून तिथे कर्जाला मालमत्तेने भागण्यात अर्थ आहे. विमा कंपनीकडचे सरकारी रोखे, शेअर, डिबेंचर घेतलेले असतात ते मुख्यतः पॉलिसीधारकांच्या हप्त्यांमधून. ते पैसे तिला कधी ना कधी परत द्यायचे असतात.

आकड्यांत बघू. हे आकडे मी सोयीसाठी धरले आहेत, कुठल्याही खऱ्या कंपनीचे नाहीत. एका आयुर्विमा कंपनीची मालमत्ता 1,00,000 कोटी रुपये. त्यातले 45,000 कोटी युलिपचे (म्हणजे बाजाराशी जोडलेल्या पॉलिस्यांचे, ज्यांत नफा-तोटा पॉलिसीधारकाचाच), 46,000 कोटी पारंपरिक पॉलिस्यांच्या देण्यापोटी ठेवलेले, 8,000 कोटी भागधारकांचे आणि 1,000 कोटी कर्ज. भाच्याचा हिशेब बरोबर आहे: मालमत्तेच्या एक टक्का. पण कंपनीचे स्वतःचे म्हणावेत असे पैसे 8,000 कोटीच, आणि त्यांच्याशी तुलना केली की तेच कर्ज साडेबारा टक्के होतं. हे प्रमाण घाबरण्यासारखं अजिबात नाही. पण विचार करायचा तर याच आकड्यावर करायला हवा.

आता शेअर बाजार चढला आणि युलिपचे 45,000 कोटी 65,000 कोटी झाले असं धरा. ती सगळी वाढ युलिप घेणाऱ्यांची. कंपनीने कर्जातला एक रुपयाही फेडलेला नाही, तरी एकूण मालमत्ता 1,20,000 कोटी झाली म्हणून कर्जाचं प्रमाण 0.83 टक्क्यावर आलं. भाच्याच्या वहीत कंपनी सुधारली!

उलट बाजूही बघा. बाजार आहे तिथेच आहे, पण युलिप सोडून उरलेल्या 55,000 कोटींच्या गुंतवणुकीत काही रोखे बुडाले आणि शेकडा चार रुपये गेले. 2,200 कोटींचा खड्डा. बोनस कमी करून यातलं थोडं पॉलिसीधारकांवर टाकता येतं, ते सोडून देऊ आणि सगळा तोटा भागधारकांवर धरू. 8,000 चे 5,800 कोटी उरले. कर्जाचं स्वतःच्या पैशांशी प्रमाण साडेबारावरून सतरा टक्क्यांवर गेलं. मालमत्तेशी प्रमाण मात्र 1.02 टक्के. कंपनीच्या भांडवलातला चौथा हिस्सा गेला आणि भाच्याच्या आकड्यात जेमतेम दोन शतांशांचा फरक पडला. जो आकडा अशा वेळी जागचा हलत नाही, त्याच्यावर विसंबून राहू नका असं मी म्हणते ते यासाठी.

मग कर्ज बघायचंच नाही का? बघायचं, आणि नीट बघायचं. पण त्याआधी मी समोरच्याला एक उलट प्रश्न विचारते: तुम्ही पॉलिसी घेणार आहात की शेअर? कारण याच कर्जाचा अर्थ दोघांसाठी उलटसुलट आहे.

आपल्याकडे विमा कंपनीला कारखान्यासारखं हवं तसं कर्ज काढता येत नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार कंपन्या जे रोखे काढतात, ते गौण कर्ज असतं. गौण म्हणजे परतफेडीच्या रांगेत मागे उभं राहणारं. कंपनीवर वाईट वेळ आली तर आधी पॉलिसीधारक, मग कंपनी ज्यांचं देणं लागते असे इतर लोक, त्यानंतर हे रोखेधारक आणि सगळ्यात शेवटी भागधारक. आयुर्विमा कंपनीसाठी या रोख्यांची मुदत किमान दहा वर्षं. कंपनीची सॉल्व्हन्सी, म्हणजे देणी भागवण्याची ताकद, नियामकाने आखलेल्या पातळीखाली गेली तर यांचं व्याजसुद्धा देता येत नाही.

म्हणजे पॉलिसीधारकाच्या दृष्टीने हे 1,000 कोटी त्याच्या पाठीमागे उभे आहेत. तोटा झाला तर आधी भागधारकांचे पैसे जातील, मग या रोखेधारकांचे, आणि तरीही भागलं नाही तर त्याच्यापर्यंत झळ येईल. शेअर घेणाऱ्यासाठी मात्र तेच 1,000 कोटी त्याच्या पुढे उभे आहेत. दर वर्षीचं व्याज त्याच्या नफ्यातून जाणार, आणि मुदत भरली की मुद्दल त्याच्या आधी दिलं जाणार. पॉलिसी घ्यायला निघालेल्या शेजारच्या आजोबांना मी म्हणते, या कर्जाची तुम्ही काळजी करू नका. भाच्याला म्हणते, तू कर.

भाच्याने आणखी एक गोष्ट तपासावी असं मला मनापासून वाटतं. सॉल्व्हन्सी रेशो म्हणजे कायद्याने जितकं जादा भांडवल हवं त्याच्या किती पट कंपनीकडे आहे, ते प्रमाण. आपल्याकडे किमान 1.50 लागतं. ही गौण कर्जं त्या हिशेबात भांडवलासारखी धरली जातात. आपल्या कल्पित कंपनीला 4,000 कोटी लागतात आणि तिच्याकडे, देणी आणि नियमांत न बसणारी मालमत्ता वगळून, 7,200 कोटी आहेत असं समजा. रेशो 1.80. छान दिसतो. पण त्या 7,200 मधले 1,000 कोटी उसने आहेत. ते काढले की 1.55 उरतो, म्हणजे किमान पातळीच्या अगदी काठावर. शिवाय रोख्यांची मुदत संपत आली की शेवटच्या पाच वर्षांत दर वर्षी त्यांचा थोडा थोडा भाग हिशेबातून वजा होत जातो. म्हणून कर्ज कोणत्या साली काढलं आणि कधी फेडायचं, हे रकमेइतकंच महत्त्वाचं.

हे सगळं कुठे मिळतं? कुठेही अर्ज करावा लागत नाही. प्रत्येक विमा कंपनीला दर तिमाहीचे तक्ते आपल्या संकेतस्थळावर टाकावेच लागतात. आयुर्विमा कंपनीत एल-3 हा ताळेबंद, एल-11 हा कर्जाचा तक्ता आणि एल-32 सॉल्व्हन्सीचा. मी हे तक्ते भरत होते तेव्हा ते कुणी वाचत असेल असं वाटायचं नाही. वाचा हो. फार कष्टाने केलेले असतात ते.

आता परदेशातली एक गोष्ट, कारण कर्ज नेमकं कुठे बसलेलं असतं हे मी तिच्यातून शिकले. एआयजी ही अमेरिकेतली प्रचंड विमा कंपनी. 2007 च्या अखेरीस तिची मालमत्ता एक लाख कोटी डॉलरच्या वर होती आणि भागधारकांचे पैसे सुमारे 96 अब्ज डॉलर. तिच्या विमा शाखा पैसे राखून होत्या. पण समूहातली एक वित्तीय शाखा दुसऱ्यांच्या कर्जरोख्यांना बुडण्यापासून संरक्षण विकत होती. घरकर्जांवरचे ते रोखे कोसळायला लागले, तशी समोरच्या बँकांनी तारण मागायला सुरुवात केली. सोबत आणखी एक दुखणं होतं: विमा शाखांचे रोखे इतरांना वापरायला देऊन त्यावर घेतलेली रोकड घरकर्जांच्याच रोख्यांत गुंतवलेली होती, आणि तीही लोक परत मागू लागले. 15 सप्टेंबर 2008 ला तिचं पतमानांकन खाली आलं आणि करारांनुसार आणखी तारण द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा भाग) 85 अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं आणि बदल्यात सरकारने 79.9 टक्के हिस्सा घेतला.

लाख कोटींची मालमत्ता असताना असं कसं झालं? कारण ती मालमत्ता मूळ कंपनीच्या हातात नव्हतीच. ती विमा शाखांमध्ये, त्या त्या राज्यांच्या नियामकांच्या कुलपात, पॉलिसीधारकांसाठी बंद होती. त्यातले 20 अब्ज डॉलर मूळ कंपनीला वापरू द्यायला न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नरांना खास परवानगी जाहीर करावी लागली. देणी एका घरात, पैसे दुसऱ्या घरात, आणि मधला दरवाजा बंद. एकत्रित ताळेबंदात मात्र दोन्ही एकाच पानावर दिसत होते.

भारतात तेव्हा दोन विमा कंपन्यांमध्ये एआयजीचा 26 टक्के हिस्सा होता. त्या आठवड्यात माझ्या मोठ्या जाऊबाईंचा घाबऱ्या घाबऱ्या फोन आला, "अगं, माझी पॉलिसी बुडाली का?" मी त्यांना समजावलं, की इथली कंपनी वेगळी, तिचा ताळेबंद वेगळा, आणि तिचे पैसे उचलून अमेरिकेतली देणी फेडायची कायद्याने सोय नाही. तेव्हापासून समूहाचा एकत्रित आकडा कुणी दाखवला की मी आधी विचारते, कर्ज विमा कंपनीवर आहे की तिच्या वरच्या मालक कंपनीवर?

आणि कर्जाच्या तक्त्यात ज्याचं नावही येत नाही, ते विमा कंपनीचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे तिने दिलेला शब्द. जपानमध्ये 1997 ते 2001 या काळात सात आयुर्विमा कंपन्या कोसळल्या. त्यांना मुख्यतः भोवली ती पॉलिसीधारकांना दिलेली हमी. चांगल्या दिवसांत चढ्या दराची वचनं देऊन ठेवली होती, मग देशातले व्याजदर तळाला गेले आणि वचनातला दर आणि मिळकतीतला दर यांतली दरी दर वर्षी भांडवल खात गेली. कर्ज शून्य असलेली कंपनीसुद्धा अशी आतून पोखरली जाऊ शकते.

माझे बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. पंचवीस हजारांची पॉलिसी होती. आईने महसुली तिकिटावर थरथरत सही केली, आणि काही दिवसांनी चेक आला. पुढची दोन वर्षं घर त्यावर चाललं. नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा आयुर्विम्याचा ताळेबंद समोर आला आणि 'पॉलिसीधारकांची देणी' ही ओळ वाचली, तेव्हा मी तिथेच थबकले. आमचे पंचवीस हजार अशाच एका ओळीत बसलेले असणार. ते कंपनीवरचं कर्जच होतं, फक्त त्या तक्त्यात त्याला कर्ज म्हणत नव्हते. माझ्या लेखी विमा कंपनीचं खरं कर्ज तेच, आणि रोख्यांचं कर्ज मी नेहमी त्याच्या संदर्भात वाचते.

भाच्याने काल रात्री वहीच्या पानाचा फोटो पाठवला. एल-11 मधली रक्कम, परतफेडीचं साल, स्वतःच्या भांडवलाशी प्रमाण, आणि कर्ज वजा करून काढलेली सॉल्व्हन्सी, सगळं ओळीने मांडलेलं. शेअरबद्दल अजून ठरवलं नाही म्हणाला. पण त्याच्या आईची एक पॉलिसी आहे, त्या कंपनीचेही तक्ते काढून बसलाय.