निम्मा सीझन

मी फिजिओथेरपिस्ट. सकाळी कोल्हापुरात दवाखाना, संध्याकाळी मुलींच्या एका फुटबॉल क्लबाबरोबर मैदानावर. क्लबाचं ते दुसरंच वर्ष. पंधरा मुली, त्यातल्या निम्म्यांच्या पायात भावाचे बूट. टाच हलू नये म्हणून आत कापूस कोंबलेला. मी दर वेळी ओरडायची, पण मुलींच्या पायाच्या घडणीचा बूट इथल्या दुकानात मागून बघा!

गावाला फुटबॉलचं वेड जुनं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे संघ भिडले की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. मुलींचं खेळणं मात्र अजून नवलाईचं. २०१९ मध्ये एफसी कोल्हापूर सिटी इंडियन विमेन्स लीग खेळायला लुधियानाला गेली, तेव्हा आमच्या मुली शाळेत होत्या. त्या लीगमध्ये आपल्या गावाचं नाव बघून यातल्या कितीतरी जणी खेळायला आल्या.

त्या दिवशी एप्रिलचं ऊन. दुसरा हाफ, एक-एक बरोबरी. आमची लेफ्ट विंग बॉल घेऊन सुटली. समोरची बॅक अजून चार हात लांब होती. हिनं आत वळायला डावा पाय रोवला, अंग फिरलं आणि गुडघा आतल्या बाजूला गेला. कुणाचा धक्कासुद्धा नाही.

मी पोचले तर म्हणाली, "मॅडम, आत टक झालं."

माझ्या पोटात गोळाच आला. एसीएल, म्हणजे नडगीला जागेवर धरणारा गुडघ्याच्या आतला अस्थिबंध, तुटताना पुष्कळांना असंच जाणवतं, आणि मुलींमध्ये ही इजा मुलांच्या दोन-तीन पट होते. संयोजकांकडे ना स्ट्रेचर, ना बर्फ. दोघींनी हातांची पालखी करून तिला बाहेर आणलं. बर्फ रसाच्या गाड्यावरून आला. रसवाल्या मामांनी पैसे घेतले नाहीत.

गुडघा जरासा वाकवला. एका हातानं मांडी घट्ट धरली, दुसऱ्यानं नडगी पुढे ओढली. धड गुडघ्यात ही ओढ खटकन अडते. उजव्या पायाची अडली. डाव्याची येतच राहिली.

"पट्टी बांधा, उतरते मी," ती म्हणाली. बदली खेळाडू संपल्या होत्या, कोच माझ्याकडे बघत होते. मी 'नाही' म्हटलं. दहा जणींनी वीस मिनिटं किल्ला लढवला, शेवटी एक गोल बसलाच.

तिला रडू आलं ते वेगळ्याच भीतीनं. "घरी सांगू नका. पप्पा खेळ बंद करतील."

फोन मीच केला. वडील आले, लेकीचा टम्म सुजलेला गुडघा बघितला आणि काही न बोलता स्वतःची पँट वर केली. डावी मांडी उजवीपेक्षा चांगलीच बारीक.

"पेठंच्या टीमकडनं खेळत हुतो. असंच टक झालं हुतं. मालिश करून आठ दिसांत परत उतरलो, मग कायमचा बसलो. हिचं तसं व्हायचं न्हाई. काय करायचं सांगा."

मी सांगितलं. आधी एमआरआय. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तर त्यानंतर किमान नऊ महिने. घाई केली की तोच गुडघा पुन्हा जातो.

ते तिच्या पायाशी उकिडवे बसले. बुटाची नाडी सोडली, कापसाचा बोळा काढून बाजूला ठेवला आणि बोटांवर महिने मोजायला लागले.

"मे धरला, तर फेब्रुवारी. निम्मा सीझन घावतोय की गं."