समाधानपत्र

योजनेच्या रुग्णालयात शिरल्यावर जे आरोग्यमित्राचं टेबल दिसतं, तिथे मी बसतो. महात्मा फुले जनआरोग्य आणि आयुष्मान भारत, या दोन्ही सरकारी मोफत उपचारांच्या योजनांची नोंदणी इथेच. निम्मा दिवस रेशनकार्डावरची 'सुमन' आणि आधारवरची 'सुमनबाई' एकच आहे हे पटवण्यात जातो. उरलेला ओटीपीची वाट बघण्यात.

गेल्या महिन्यात एका काकांचा डिस्चार्ज होता. अँजिओप्लास्टीची केस, रात्री इमर्जन्सीत आलेली, म्हणजे आधी फोनवर कळवायचं, कागद मागाहून. वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांचं संरक्षण आहे, हे आता गावात सगळ्यांना माहीत असतं. पॅकेजमध्ये काय काय येतं, ते माहीत नसतं. स्टेंट, औषधं, तपासण्या, जेवण, घरी जायचं भाडं आणि वर डिस्चार्जनंतर 10 दिवसांची औषधं. रुग्णालय योजनेकडे पैशासाठी जो क्लेम लावतं, त्याला स्टेंटच्या खोक्यावरचा स्टिकर जोडावा लागतो. तो सापडेना झाला की कॅथलॅबपासून बिलिंगपर्यंत सगळे धावतात. त्याच फाइलमध्ये शेवटी समाधानपत्र असतं: उपचार मोफत झाले, माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. त्यासाठी कुणी धावत नाही, कारण ते कधी अडतच नाही.

बिलिंगच्या पोराने फुल्या मारलेल्या जागा दाखवल्या. "इथं, इथं अन् इथं." काकूंनी पेन घेतलंच नाही. मला म्हणाल्या, "दादा, काय लिवलंय ते वाचा की जरा."

वाचलं.

"मग त्या रातीच्या 6,400 चं काय?"

कनवटीची पिशवी सुटली आणि खालच्या मेडिकलच्या चिठ्ठ्या बाहेर आल्या. सगळ्या कच्च्या. ना शिक्का, ना पेशंटचं नाव. एकीवर तर नुसता आकडा आणि खाली रेघ.

पैसे मागितले तर पक्कं बिल घ्या, 155388 वर तक्रार करा, असं आम्ही सांगत असतो. नंबर माझ्या डोक्यावरच्या बोर्डावरच आहे. पण नवरा स्ट्रेचरवर असताना मेडिकलच्या खिडकीत पक्कं बिल मागत उभा राहिलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी काकूंना फोन लावून देतो म्हटलं. "लावा की. पर सही न्हाई करायची. पैसं घेतलं न्हाईत असं कसं लिवून देऊ?"

मेडिकल कोऑर्डिनेटर आले. आधी गोड बोलले, मग "फुकट उपचार घ्यायचे आणि वर..." हेही बोलून झालं. डॉक्टर देवमाणूस, पण पैशाचा विषय निघाला की त्यांचा राउंड सुरू होतो. काकू बाकड्यावर बसून भाकरी खात होत्या. फाइल अडली होती आणि त्यांना कसलीच घाई नव्हती.

दुपारीच पैसे परत आले, व्हाउचरवर 'डिपॉझिट रिफंड' लिहून. योजनेच्या पेशंटकडून डिपॉझिट घ्यायचंच नसतं, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. काकूंनी नोटा मोजल्या, सही केली. प्रवासभाड्याची पावतीही वाचून घेतली आणि तेही पैसे मोजूनच कनवटीला लावले.

डोक्यात राहिलाय तो शेजारच्या बेडवरच्या पेशंटचा मुलगा. त्याच्याकडेही त्याच मेडिकलच्या चिठ्ठ्या होत्या. सकाळी मी विचारलं होतं. "जाऊ द्या साहेब, बापाचा जीव वाचला. एसटी गाठायचीय." फुल्यांवर सह्या करून तो गेला. क्लेम गेला. कागदोपत्री तो समाधानी आहे, आणि त्याच्या सहीसमोर माझ्या विचारण्याला काही किंमत नाही.

आता मी नोंदणीच्या वेळीच समाधानपत्राचा कोरा नमुना वाचून दाखवतो. शेवटी याच्यावर सही मागतील, तोवर एकेक चिठ्ठी जपून ठेवा, म्हणून सांगतो. कोऑर्डिनेटरांनी बोलावून घेतलं. "तो कागद डिस्चार्जचा आहे, ॲडमिशनलाच कशाला लोकांची डोकी फिरवतोस?" मेडिकलवाल्यालाही ते रुचलेलं दिसत नाही. त्याने योजनेच्या पेशंटना कच्ची चिठ्ठीसुद्धा देणं बंद केलंय.